एक जूनवाला झुलाल

आपण कधी जन्मलो हे झुलालला ठाऊक नव्हतं, आणि सत्तावन्न वर्षं त्यावाचून त्याचं काही अडलंही नव्हतं. एरंडोल तालुक्यातल्या त्याच्या गावात पोर जन्मलं की पाचवी पुजायचे, बारशाला घुगऱ्या वाटायचे, पण तारीख कोणी लिहून ठेवत नसे. तारखेची गरज लागायची ती पोराला शाळेत घालताना. मग मास्तर त्याचा उजवा हात डोक्यावरून डाव्या कानाला लावून बघायचे. हात कानाला पोचला की पोरगं सहा वर्षांचं झालं असं धरायचे आणि जन्मतारीख एक जून लिहून मोकळे व्हायचे. शाळा जूनमध्ये उघडते, म्हणून जून. त्यामुळे आमच्या खानदेशात अर्धी माणसं एक जूनला जन्मली आहेत. एवढ्या बायका एकाच दिवशी कशा बाळंत झाल्या, हा प्रश्न कुठल्याच कचेरीला कधी पडला नाही.

झुलाल तर शाळेतही गेला नव्हता. त्याला एक जून मिळाला तो धुळ्याबाहेरच्या सूतगिरणीच्या दारात. शहात्तर साली गिरणी सुरू झाली तेव्हा वना नाना नावाचे टाइम ऑफिसातले कारकून टेबल टाकून गेटाशी बसले होते आणि एकेकाचं कार्ड बनवत होते. वय किती, असं त्यांनी विचारलं. झुलाल म्हणाला, असेल चाळीस-बेचाळीस. नानांनी मनाशी वजाबाकी केली, कार्डावर १/६/३४ असं लिहिलं आणि म्हणाले, जा, तू पण एक जूनवाला. झुलालला गंमत वाटली. घरी येऊन त्याने बायकोला सांगितलं की आज आपला जन्म झाला.

ते कार्ड होतं बदली कामगाराचं. बदली म्हणजे कायम कामगार आला नाही तर त्याच्या जागी घ्यायचा माणूस. पाळी सुरू होण्याआधी बदल्यांनी गेटबाहेर ओळ लावायची. आत कोण आलं नाही ते बघून टाइमकीपर बाहेर यायचा आणि बोट दाखवायचा. ज्याच्यावर बोट पडलं तो आत जायचा, बाकीचे डबा घेऊन आल्या पावली घरी. एखाद-दोन वर्षं असं काढलं की कायम करू, असं सगळ्यांना सांगितलं होतं. झुलालने ती ओळ पंधरा वर्षं लावली. त्याच्या मागून आलेले, डायरेक्टरांच्या गावचे, भाच्या-पुतण्यांच्या नात्यातले कायम होऊन गेले. झुलाल ब्लो रूममध्ये, म्हणजे कापूस मोकळा करायच्या खात्यात, कापसाच्या गाठी फोडत राहिला आणि डोक्यावर, भुवयांवर, मिशीवर कापूस घेऊन घरी येत राहिला.

आपल्यापुरतं त्याने हे कधीच मनाला लावून घेतलं नसतं. पण बायको गेली, आणि तिच्या मागोमाग दोन वर्षांत कुंदा परत आली. कुंदा त्याची एकुलती एक लेक, अमळनेरला दिलेली. नवऱ्याने दुसरी घरात आणली आणि हिला एका पेटीसकट धुळ्यात देवपुरातल्या बापाच्या खोलीत आणून सोडलं. तिशीची बाई, शिक्षण चौथी, भाऊ नाही, दीर-जावा विचारत नाहीत. झुलाल रात्री अंथरुणावर पडला की एकच गोष्ट त्याच्या डोक्यात घुमायची: मी गेलो की हिचं कोण?

उत्तर गिरणीतच होतं. कायम कामगार निवृत्त झाला की त्याच्या घरचं एक माणूस गिरणी कामावर घ्यायची. बायकांना वाइंडिंग खात्यात, सूत गुंडाळायला, दिवसपाळी मिळायची. हा नियम सगळ्यांना पाठ होता. पण नियम कायमवाल्यांचा. बदली म्हातारा झाला की त्याचं कार्ड परत घ्यायचे, बस.

आणि मग एक्क्याण्णव साली युनियनचा करार झाला. एक एप्रिल ब्याण्णवला जो बदली पटावर असेल तो कायम. सगळे, सरसकट. गेटावर गुलाल उडाला. झुलालने घरी येऊन कुंदाला समोर बसवलं आणि बोटांवर मोजून दाखवलं. गिरणीत अठ्ठावन्न पुरे झाले की निवृत्ती. त्याचे अठ्ठावन्न एक जूनला भरणार, म्हणजे तो मे अखेर जाणार. एप्रिल आणि मे. दोन महिने कायम. दोन महिने पुरे होते. जूनमध्ये कुंदा वाइंडिंगला उभी राहणार होती. त्या दिवसापासून ती वाइंडिंगच्या बायका सुटायच्या वेळेला गेटाशी जाऊन त्यांच्याकडे बघत उभी राहायला लागली.

त्याच दसऱ्याला गिरणीत कॉम्प्युटर आला. त्याला हळदकुंकू वाहिलं, नारळ फोडला, आणि टाइम ऑफिसच्या मागची खोली गार करून त्यात त्याला ठेवलं. चपला बाहेर काढून आत जायचं. चालवायला जळगावहून रुपचंद नावाचा पोरगेलासा ऑपरेटर आणला, तोही सहा महिन्यांच्या ऑर्डरवर. पगाराचा आणि हजेरीचा प्रोग्राम मुंबईहून विकत घेतलेला होता. रुपचंदने बदल्यांची कार्डं समोर घेतली आणि नाव, गाव, जन्मतारीख असं एकेक भरत सुटला.

इथे जे झालं ते नीट समजून घ्या, कारण पुढचं सगळं रडगाणं इथूनच सुरू होतं. आपण आधी दिवस लिहितो, मग महिना. त्या प्रोग्रामला आधी महिना हवा होता, मग दिवस. अमेरिकेत म्हणे तसंच लिहितात. रुपचंदला हे कुणी सांगितलं नव्हतं. कार्डावर १५/३ असं असलं आणि त्याने ते तसंच मारलं की यंत्र टूं करून ओरडायचं, कारण पंधरावा महिना नसतो. मग रुपचंद आकडे उलटे करून मारायचा, यंत्र गप्प बसायचं, आणि तारीख बरोबर जायची. यंत्र ओरडलं की उलटं करायचं, एवढंच तो शिकला. पण १/६ ला यंत्राने ओरडायचं काही कारणच नव्हतं. पहिला महिना असतो, सहावी तारीखही असते. यंत्राने ते मुकाट्याने घेतलं आणि सहा जानेवारी करून ठेवलं. आणि बदल्यांच्या कार्डांवर १/६ सोडून दुसरं होतं काय? मूठभर शिकलेले सोडले तर सगळी ओळ सहा जानेवारीला जन्माला घातली गेली. दुसऱ्या गावात, जिथे आयांना पोरांचे वाढदिवस माहीत असतात तिथे, ही चूक आठवड्याभरात उघडी पडली असती.

इथे ती उघडी पडायची वेळसुद्धा आली होती. दिवाळीच्या आधी लेबर ऑफिसरने सगळ्यांना खिडकीशी बोलावलं. यादी छापून आली होती. आपलं नाव, आपली तारीख ऐकायची, बरोबर असेल तर सही करायची. रुपचंद वाचत होता. झुलालची पाळी आली तेव्हा त्याने वाचलं, जन्म सहा जानेवारी चौतीस. झुलालच्या कानाला ते जरा वेगळं लागलं. पण जून काय आणि जानेवारी काय, दोन्ही दुसऱ्यानेच दिलेले. कारकुनाने एक दिला होता, यंत्राने दुसरा दिला. यंत्र नवं, त्याची पूजा झालेली, त्याला काही जास्त माहीत असेल. मागे रांग होती आणि सगळ्यांना बोनसच्या खिडकीकडे जायची घाई होती. झुलाल हसून म्हणाला, लिहिलं असेल तेच खरं, आणि साक्षरता वर्गात शिकलेली त्याची वाकडी सही त्याने करून टाकली. त्याच्या मागे ओळीतला त्याचा दोस्त धनसिंग याने केली, त्याच्या मागच्याने केली. एकानेही तोंड उघडलं नाही. आपल्या जन्माबद्दल भांडावं असं त्यांना कोणी शिकवलंच नव्हतं.

संक्रांतीच्या आधल्या आठवड्यात टाइमकीपरने झुलालला ओळीतून बाजूला काढलं आणि एक कागद हातात दिला. झुलालला वाटलं कायम होण्याचा कागद आला. त्याने तो धनसिंगला वाचायला दिला. धनसिंगने तो मोठ्याने वाचला. सहा जानेवारीला झुलालला अठ्ठावन्न पूर्ण झाले होते. एकतीस जानेवारीला त्याची सेवा संपत होती.

झुलालने महिने मोजले. जानेवारी संपला की फेब्रुवारी, मग मार्च, आणि मग एप्रिल. एप्रिल उगवेल तेव्हा तो पटावर नसणार होता. तो तसाच चपला घालून त्या गार खोलीत शिरला. रुपचंद रागावणार होता, पण त्याने झुलालचं तोंड पाहिलं आणि कागद हातात घेतला. मग त्याने कपाटातून जुनं कार्ड काढलं. कार्डावर १/६/३४. कागदावर सहा जानेवारी. त्याने दोन्ही शेजारी ठेवून पाहिलं. मग त्याने यंत्रावर सगळी यादी वर-खाली फिरवली, आणि झुलालला त्यातलं काही वाचता येत नव्हतं तरी पोराच्या कपाळावर त्या गारव्यात घाम आलेला त्याला दिसला.

रुपचंद वाईट नव्हता. त्याने तिथल्या तिथे कबूल केलं की चूक माझी आहे, आणि झुलालला घेऊन तो लेबर ऑफिसरकडे गेला. साहेबांनी शांतपणे ऐकून घेतलं. तेही काही राक्षस नव्हते. असते तर बरं झालं असतं, शिव्या तरी देता आल्या असत्या. त्यांनी विचारलं, किती जणांच्या तारखा अशा झाल्या? रुपचंदने सांगितलं, जवळजवळ सगळ्यांच्या. साहेबांनी चष्मा काढून टेबलावर ठेवला.

मग त्यांनी जे सांगितलं ते असं. ही यादी डायरेक्टरांच्या सभेत मंजूर झाली आहे. याच यादीवर सगळे एप्रिलला कायम होणार आहेत. सगळ्यांच्या तारखा चुकल्या असं मी आज लिहून पाठवलं, तर ज्या डायरेक्टरांना मुळात कुणाला कायम करायचंच नाही, ते म्हणतील यादीच रद्द करा, पुन्हा तपासा, पुढच्या वर्षी बघू. म्हणून मी आपण होऊन काही करणार नाही. पण सगळ्या बदल्यांनी मिळून सही करून अर्ज दिला की आमच्या तारखा दुरुस्त करा, तर मला तो पुढे पाठवावाच लागेल. जा, सह्या आण.

झुलाल उड्या मारतच खाली आला. सह्या आणायच्या म्हणजे काय अवघड. पंधरा वर्षं ज्यांच्या खांद्याला खांदा लावून उभा राहिलो, एकाच्या डब्यातली भाकरी दुसऱ्याने खाल्ली, ती माणसं. आणि चूक तर सगळ्यांच्याच तारखेत झालेली, सगळ्यांच्याच नोकरीचे चार महिने कापलेले. रुपचंदने अर्ज लिहून दिला. सकाळची पाळी सुटल्यावर झुलाल तो घेऊन गेटासमोरच्या चहाच्या टपरीवर गेला, सगळ्यांना जमवलं आणि समजावून सांगितलं.

एकाने विचारलं, यादी रद्द झाली तर? झुलाल म्हणाला, कशाला होईल. दुसरा म्हणाला, होऊ शकते, साहेबच म्हणाले ना. तिसरा चहाचा ग्लास खाली ठेवून निघून गेला. झुलालने अर्ज धनसिंगपुढे धरला. हा धनसिंग शिंदखेड्याकडचा, त्याच्याहून सात-आठ वर्षांनी लहान, आणि ओळीत कायम त्याच्या मागे उभा राहणारा. झुलालची बायको गेली तेव्हा तिरडीला पहिला खांदा याने दिला होता. याने सही केली की बाकीचे करणार, हे झुलालला माहीत होतं.

धनसिंगने अर्ज हातात घेतला नाही. तो खाली बघत म्हणाला, "देख भाऊ, मना बी जलम सहा जानेवारीले करी टाका त्यास्नी. माले समजस. पन आते काही बोलू नको. एक एप्रिल व्हई जाऊ दे, मंग आम्ही बठ्ठा सही करसूत."

"एक एप्रिलले मी कोठे राहसू, धनसिंग?"

धनसिंगला तीन पोरं होती आणि त्याचीही पंधरा वर्षं त्या ओळीत गेली होती. त्याने टपरीवाल्याला झुलालच्या चहाचे पैसे दिले आणि सायकल काढली. झुलालला त्याचा राग आला, इतका की त्याच्या मागे धावून त्याला खाली पाडावंसं वाटलं. आणि त्याच वेळी त्याला कळत होतं की आपण त्याच्या जागी असतो तर आपणही सायकलच काढली असती. हे कळणं रागापेक्षा वाईट होतं.

सह्या नाहीत तर मग निदान माझ्या एकट्याची तारीख दुरुस्त करा, असं त्याने साहेबांना विनवलं. साहेब म्हणाले, पुरावा आण. शाळेचा दाखला आहे? नाही. जन्माची नोंद आहे? नाही. मग कार्डावरची तारीख तरी कशावरून? कारकुनाने अंदाजाने टाकलेली, आणि तो कारकून आता हयात नाही. एक जून खरी आणि सहा जानेवारी खोटी, हे मी कशाच्या आधारावर म्हणू? आणि खाली तुझी सही आहे. साहेबांचं बोलणं ऐकताना झुलालला शेवटीशेवटी स्वतःचीच शंका यायला लागली. माणूस समोर जिता उभा होता, पण तो कधी जन्मला याला साक्षीदार नव्हता.

साक्षीदार एक होता. त्याची मोठी बहीण भिकुबाई. झुलाल एस.टी.ने गावी गेला आणि तिला घेऊन आला. अक्का पासष्टीच्या पुढची, गुडघ्यांनी अधू, धुळ्याला ती आयुष्यात दोनदा आली असेल. भावाचं काम आहे म्हटल्यावर ती ठेवणीतलं लुगडं नेसली आणि साहेबांच्या खोलीत खुर्ची दिली तरी जमिनीवर बसली. रुपचंदलाही बोलावलं होतं.

"कानबाई उठनी त्या दिनले हाऊ जलमना," अक्का म्हणाली. "बठ्ठ्या बाया कानबाईले नदीवर लई गयात. माय एकलीच घरमा. मीच सुईनले बलावाले पयनू."

कानबाई ही खानदेशची देवी, श्रावणात घरोघरी बसते आणि दुसऱ्या दिवशी उठते, म्हणजे नदीवर तिचं विसर्जन होतं. म्हणजे नागपंचमीनंतरचा सोमवार. साहेब खानदेशातलेच, त्यांच्या घरीही कानबाई बसायची, त्यांना हे समजावून सांगावं लागलं नाही. त्यांनी मान डोलावली आणि विचारलं, कोणत्या साली? अक्का म्हणाली, नदीचं पाणी मारुतीच्या पायाला लागलं त्या साली. साहेब पुन्हा म्हणाले, पण आकडा? अक्काने झुलालकडे पाहिलं. झुलालने रुपचंदकडे पाहिलं. रुपचंदने मान खाली घातली, कारण त्याच्या यंत्राला नदीही चालत नव्हती आणि मारुतीही. त्याला दोन आकडे महिन्याचे हवे होते, दोन दिवसाचे, दोन सालाचे.

म्हणजे खरं बघायला गेलं तर झुलाल जानेवारीतही जन्मला नव्हता आणि जूनमध्येही नव्हता. खऱ्या जन्माने त्याला श्रावणापर्यंत नोकरी होती. पण खरा जन्म कुठे भरता येत नव्हता. साहेबांनी अक्काला चहा पाजला, तिच्या गुडघ्यांची चौकशी केली आणि दोघांना निरोप दिला.

धुळ्याच्या स्टँडवर एरंडोलची गाडी लागली. गाडीत बसल्यावर तिने खिडकीतून त्याचा हात धरला आणि विचारलं, "भाऊ, मनामुळे तुनं काम बिघडनं का?" झुलाल नाही नाही म्हणत राहिला. गाडी निघून गेल्यावर तो तिथेच बाकावर बसला आणि पोरासारखा रडला. स्टँडावर कुणाला त्याचं विशेष वाटलं नाही, तिथे रोज कोणी ना कोणी रडत असतं.

त्यानंतर रुपचंद एकटाच साहेबांकडे गेला. दोन दिवस द्या, मी सगळ्या तारखा पुन्हा भरून देतो, कुणाला कळणारही नाही, असं त्याने सांगून पाहिलं. साहेब म्हणाले, दोन दिवसांचं ठीक आहे, पण तुझी स्वतःची ऑर्डर मार्चअखेर संपते, हे लक्षात आहे ना? त्यापुढे झुलाल दिसला की रुपचंद खोलीचं दार लोटून घ्यायला लागला.

एकतीस जानेवारीला झुलालचं कार्ड परत घेतलं. कायम कामगार निवृत्त झाला की त्याला हार, नारळ, टोपी-उपरणं मिळायचं, दोन माणसं चार शब्द बोलायची. झुलालने कार्ड खिडकीतून आत दिलं आणि खिडकीतल्या माणसाने ते घेतलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी तो पुन्हा ओळीत उभा राहिला. टाइमकीपर बाहेर आला, बोट दाखवताना झुलालवरून पुढे गेला. तिसऱ्या दिवशीही तेच. लोकांना वाटलं म्हातारा चळला. पण झुलालच्या मनाचा एक हिशेब होता. आपण दिसत राहिलो तर साहेबांच्या मनात कधी तरी दया येईल, सह्यांचा तो अर्ज पुन्हा निघेल, एखाद्याची सही कमी पडली म्हणून कोणी तरी हाक मारील. फेब्रुवारी गेला. मार्चचं ऊन डोक्यावर तापायला लागलं. ओळीतली माणसं त्याला जागा करून द्यायची, पाणी द्यायची, पण त्याच्या नजरेला नजर देत नसत. धनसिंग आता ओळीच्या दुसऱ्या टोकाला उभा राहायचा. एकदा झुलालने मरण्याचाही विचार करून पाहिला, अगदी व्यवहार म्हणून, की मेल्यावर तरी कुंदाला घेतील का. पण मेलेल्या बदलीच्या मागे कुणाला काही मिळाल्याचं त्याच्या ऐकण्यात नव्हतं, मग त्याने तो विचार सोडून दिला.

कुंदाला त्याने सगळं सांगितलं नव्हतं. अर्ज गेला आहे, निकाल एक एप्रिलला लागेल, एवढंच सांगितलं. कुंदाही जास्त विचारत नसे. ती रोज पहाटे त्याचा डबा भरायची, आणि तो रोज दुपारी तो डबा महामार्गाच्या कडेला लिंबाखाली बसून खायचा, म्हणजे घरी गेल्यावर तो रिकामा दिसावा.

एक एप्रिलला झुलाल नेहमीपेक्षा लवकर निघाला. गेटाला झेंडूचे हार घातले होते, आंब्याचे टाळे बांधले होते. बँडवाले तुताऱ्या पुसत बसले होते. पाळीचा भोंगा झाला तेव्हा त्याच्या लक्षात आलं की गेटाबाहेर ओळच नाही. कशी असणार? सगळे कायम झाले होते. ज्यांच्याबरोबर तो उभा राहायचा ते सगळे गळ्यात हार घालून, कपाळाला गुलाल लावून सरळ गेटातून आत गेले. जिथे ओळ लागायची तिथे एकटा झुलाल डबा घेऊन उभा होता.

बँड वाजून थांबला. थोड्या वेळाने टाइमकीपर घाईघाईने बाहेर आला आणि त्याने सवयीने त्या जागेकडे बघितलं. ब्लो रूममध्ये एक माणूस कमी पडला होता. धनसिंगने रजा टाकली होती. कायम झालो की त्याच दिवशी वणीच्या गडावर जाऊन नवस फेडीन असं तो बोलला होता, आणि आता त्याला भरपगारी रजा मिळत होती. गाठी फोडायला माणूस हवा होता, आणि उभ्या गिरणीला आता बदली कामगार उरला नव्हता. टाइमकीपरने इकडेतिकडे पाहिलं. मग त्याने झुलालला बोट दाखवलं.

"भाऊ, आत या. पण नाव कुठे लागणार नाही. कॉम्प्युटरमध्ये तुमचं नाव नाही आता."

झुलाल आत गेला. आज एक एप्रिल होती आणि तो गिरणीच्या आत होता. दिवसभर तो गाठी फोडत राहिला. लोखंडी पट्टी तोडायची, गाठ उलगडायची, कापूस हाताने सैल करायचा, मशीनच्या तोंडात सोडायचा. त्याचे हात भराभर चालत होते. आजूबाजूचे हार घातलेले लोक त्याच्याकडे बघायचे आणि कामाला लागायचे. दुपारी एकाने पेढा आणून दिला तो त्याने घेतला. भोंगा झाल्यावर टाइमकीपरने धनसिंगची रजा खोडून त्याच्या नावापुढे हजर लिहिलं, कारण काम झालं तर कुणाच्या तरी नावावर दाखवायलाच हवं होतं. झुलालला त्याने दिवसाचे पैसे खिशातून काढून दिले आणि जरा बाजूला घेऊन समजावलं की उद्या येऊ नका, उद्या धनसिंग येईल, आता ओळ बंद झाली.

झुलाल खोलीवर आला तेव्हा कुंदा दारातच उभी होती. तिने त्याच्याकडे पाहिलं. त्याच्या डोक्यावर, भुवयांवर, मिशीवर कापूस होता. दोन महिन्यांत पहिल्यांदा बाप कापूस घेऊन घरी आला होता. तिचा चेहरा असा उजळला की झुलालला आपण याच क्षणी मरावं असं वाटलं.

"आबा, घेतं का तुमले? व्हयनात का कायम?"

तो उंबऱ्यावर बसला. खोटं बोलायचं त्याने वाटेत ठरवलं होतं, पण जमलं नाही.

"धनसिंग गडवर गया व्हता," तो म्हणाला. "त्याना जागावर घेतं, आजना दिन."

कुंदाला समजलं. ती त्याच्याजवळ बसली. तिने पदराचं टोक हातात घेतलं आणि त्याच्या केसांतला कापूस झाडायला हात वर केला. झुलालने तिचा हात धरला.

"ऱ्हाऊ दे," तो म्हणाला. "आजना दिन ऱ्हाऊ दे."